माद्यांचा हिवाळा

रायपूर चुनखडकावर वसलेलं शहर आहे. हा दगड शंभर कोटी वर्षांहून जुना. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला चंडी चुनखडक म्हणतात. जुन्या घरांच्या अंगणांत त्याच्या फरश्या दिसतात, आणि बलौदा बाजार, तिल्दा भागातले सिमेंटचे कारखाने त्याच्या खाणींवर चालतात. बोअरचं पाणी याच दगडाच्या भेगांतून वर येतं आणि येताना भरपूर कॅल्शियम घेऊन येतं. गिझरच्या कॉइलवर खपली धरते, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, तूरडाळ शिजता शिजत नाही. माणसं या पाण्याशी जुळवून घेतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पालापाचोळ्याने भरलेल्या ओढ्यांत ज्यांचं कूळ वाढलं, ते बोटभर मासे जुळवून घेत नाहीत. म्हणजे जगतात, खातात, रंगही दाखवतात. अंडी मात्र पांढरी पडतात.

घराच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत मी ड्वार्फ सिक्लिड माशांची पैदास करते. खोलीत भिंतीला लागून लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर टाक्या, आणि सगळ्या टाक्यांत हवेवर चालणारे साधे स्पंज फिल्टर. पिल्लं मोठी झाली की रायपुरातल्या आणि दुर्ग-भिलाईच्या काही दुकानांना देते, थोडी थेट शौकिनांना. यावर घर चालत नाही. पण खोलीचा विजेचा खर्च, खाद्य, नव्या टाक्या हे सगळं माशांनीच भागवलेलं आहे, आणि वर काही उरतं. इतक्या वर्षांत या खोलीत मी खरं तर एकाच प्रश्नावर काम करत आले आहे: रायपुरात यांच्यातल्या एखाद्या मादीला आई व्हायचं असेल, तर तिला काय काय लागतं?

सिक्लिड हे कूळ मोठं. रायपूरच्या मासळी बाजारात मिळणारा तिलापिया याच कुळातला. 1952 मध्ये तो भारतात आणला गेला. काचेच्या टाक्यांतले एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हेही सिक्लिडच. त्यांतले जे साधारण दहा सेंटिमीटरच्या आत राहतात, त्यांना शौकीन लोक ड्वार्फ म्हणतात. माझ्याकडे मुख्यतः तीन घराणी आहेत. दक्षिण अमेरिकेतले ॲपिस्टोग्रामा, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ॲपिस्टो म्हणतो. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ मैदानांतला रॅम. आणि नायजेरियाकडचा क्रिबेन्सिस, म्हणजे क्रिब. टेट्रा किंवा बार्ब अंडी टाकून निघून जातात, मागे वळून आपलीच अंडी खातात. गप्पीची मादी पिल्लं देते आणि भूक लागली की त्यांच्याकडे खाद्य म्हणून बघते. सिक्लिड मात्र पिल्लं वाढवतात. अंडी राखतात, पंखांनी त्यांच्यावर पाणी खेळवतात, पिल्लांना फिरायला नेतात, संध्याकाळी गोळा करून घरात घेतात. हे पाहायला मिळावं म्हणूनच मी या कामात आहे. त्यामुळे अंडी काढून बाटलीत उबवण्याची पद्धत मला येत असूनही मी वापरत नाही. पिल्लं कमी मिळतात, हे मान्य आहे.

पाणी तयार करणं हे या कामातलं निम्म्याहून अधिक काम. माझ्याकडे पाणी तीन प्रकारचं. बोअरचं, ज्यात टीडीएसची, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारी पेन बुडवली की आकडा पाचशेच्या पुढे जातो. नळाचं, जे खारून नदीचं असतं. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा महानदीवरच्या गंगरेल धरणातून कालव्याने पाणी सोडलं जातं, म्हणून नळाचा आकडा ऋतूप्रमाणे खालीवर होतो. त्यात क्लोरीन असतं, ते मारायला हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फोटो धुण्याच्या काळात फोटोग्राफर वापरायचे तेच. आणि तिसरं पावसाचं. काही मित्र आरओचं पाणी वापरतात. पण घरगुती आरओत एक बादली गाळलेल्या पाण्यामागे दोन-तीन बादल्या मोरीत जातात. ज्या शहरात एप्रिल उजाडला की गल्लीत टँकर फिरू लागतात, तिथे माशांसाठी हे करायला माझं मन होत नाही.

म्हणून पाऊस. रायपुरात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पहिले पाऊस मी गच्चीवरून वाहू देते. उरला आणि सिलतरा हे औद्योगिक पट्टे शहराला लागून आहेत. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांची काळी धूळ गच्चीवर बसते, सकाळी अनवाणी फिरलं की तळवे काळे होतात. ती धूळ धुऊन निघेपर्यंत ड्रमचं झाकण उघडायचं नाही. पुढे आषाढाची झड लागली की धोतराच्या चौपदरी कापडातून पाणी गाळून निळे ड्रम भरायचे, अंधारात ठेवायचे, आणि ते पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं. पेन बुडवली की आकडा वीसच्या आत.

इतकं मऊ पाणी तसंच टाकीत ओतून चालत नाही. चुनखडकाच्या पाण्यात कार्बोनेट असतात, ते आम्लाला आवर घालतात. पावसाच्या पाण्यात आवर घालणारं काहीच नसतं. माशांची विष्ठा, कुजणारं पान, एवढ्यानेही त्याचा पीएच एका रात्रीत घसरू शकतो. म्हणून बोअरचं थोडं मिसळायचं. किती, ते जातीवर अवलंबून. ॲपिस्टोग्रामा काकाटुओइडिस हा पेरूकडचा मासा, नराच्या पाठीवरचे काटे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे, शेपटीवर केशरी ज्वाळा. तो सोशिक आहे. निम्मं बोअर, निम्मं पाऊस असलं तरी त्याची अंडी फुटतात. ॲपिस्टोग्रामा अगासिझी हा तसा नाही. त्याला बोअरच्या पाण्याचा अगदी बोटभर अंशच चालतो. कॅल्शियम जास्त झालं की फलन नीट होत नाही, झालं तरी गर्भ वाढत नाही, आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांवर कापसासारखी बुरशी दिसते. मादी ती एकेक करून उचलून खाते. नवशिक्या माणसाला वाटतं, मादी वाईट आहे. मादी आपलं घर झाडत असते.

पाण्यात मी देशी बदामाची पानं टाकते. हे झाड शहरात रस्त्यांच्या कडेला भरपूर आहे. थंडीत पानं लाल होऊन गळतात, तेव्हा धूळ कमी असलेल्या एखाद्या अंगणातली, झाडावरून नुकतीच पडलेली पानं गोळा करायची, धुऊन वाळवायची आणि गोणीत भरून ठेवायची. पाणी चहाच्या रंगाचं होतं, टॅनिनमुळे बुरशी कमी धरते, आणि पान कुजू लागलं की त्यावर जो सूक्ष्म जीवांचा थर येतो तो पिल्लांचा पहिला घास असतो.

जातिवंत जोड्या येतात त्या बहुतेक कोलकात्याहून. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर असण्याचा रायपूरला हा एक फायदा. हावड्याच्या बाजूला घराघरांतून रंगीत माशांची पैदास चालते, तिथून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्मोकोलच्या पेट्यांत रेल्वेने येतात. पेटी हातात पडल्यावरचा पहिला तास फार महत्त्वाचा असतो, आणि त्यामागचं रसायन समजून घेतल्याशिवाय जोडी वाचत नाही. पिशवीत मासा दिवसभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. त्याच पाण्यात माशाने टाकलेला अमोनियाही असतो, पण उतरलेल्या पीएचमुळे तो अमोनियमच्या रूपात, जवळजवळ निरुपद्रवी होऊन बसलेला असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्यात आपण रायपूरचं अल्कधर्मी पाणी वाटीवाटीने ओतू लागलो, तर अमोनियम पुन्हा अमोनिया होतो आणि माशाचे कल्ले जळतात. म्हणून माझी पद्धत अशी: बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखं करायचं, आणि टाकीत आधीच मऊ, आम्लधर्मी पाणी तयार ठेवून मासा जाळीने उचलून थेट त्यात सोडायचा. पिशवीतलं पाणी मोरीत.

ॲपिस्टोच्या मादीला अंडी घालायला गुहा लागते. बाजारात चिनी मातीच्या, रेझिनच्या गुहा मिळतात. माझ्याकडच्या सगळ्या गुहा पोळ्याच्या बाजारातून आलेल्या आहेत. छत्तीसगढमध्ये पोळ्याला पोरा म्हणतात. आपल्या श्रावणातल्या त्या अमावास्येला मुलांसाठी मातीचे नांदिया बैल आणि मुलींसाठी मातीची भातुकली बाजारात येते: जातं, चूल, आणि मुठीत मावतील अशा चुकिया. विदर्भातून इथे आलेल्या मराठी घरांना हा सण परका वाटत नाही. या चुकिया मी टोपलीभर घेते. भाजलेली, मूळ रंगाची माती, वर रंग किंवा वार्निश नसलेली. कानशीने तोंड थोडं लहान-मोठं करून घेते. नराला शिरता येणार नाही पण मादीला येईल, इतकंच तोंड हवं. ॲपिस्टोचा नर मादीपेक्षा बराच मोठा असतो. मग काही दिवस पाण्यात बुडवून ठेवून टाकीत आडवी पुरायची. एका विक्रेतीने एकदा विचारलं, “दीदी, तुंहर घर म कतका नोनी हवय?” माझ्या घरी किती मुली, म्हणजे इतकी भातुकली कशाला. मी म्हटलं, या वर्षी मोजल्या नाहीत अजून. तिला मग फोनमधले फोटो दाखवले. तेव्हापासून ती रंग न दिलेल्या चुकिया माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते.

अंडी घालायची वेळ जवळ आली की करड्या-तपकिरी मादीचा रंग बदलतो. ती हळदीसारखी पिवळी होते, अंगावर काळे ठिपके आणि डोळ्यातून एक काळी रेघ. चुकियाच्या आत छताला ती लालसर अंडी चिकटवते, साधारण साठ ते शंभर. त्यानंतर तिचा स्वभावच बदलतो. आदल्या दिवसापर्यंत जो नर तिच्यामागे नाचत होता त्याला ती हाकलते, आणि टाकी लहान असेल तर जिवानिशी मारू शकते. आकाराने तिच्या दुप्पट नर कोपऱ्यात वर तरंगत राहतो. निसर्गात त्याच्या हद्दीत अशा तीन-चार माद्या असतात आणि तो फक्त सीमेवर पहारा करतो. म्हणून टाकी लांब हवी, मध्ये लाकडांचे आडोसे हवेत. तेवढी जागा नसेल तर अंडी दिसताच मी नर हलवते.

साधारण तीन दिवसांनी अंडी फुटतात. आणखी चार-पाच दिवस पिल्लं शेपटी हलवत जागेवरच पडून असतात, पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी. मग एका सकाळी मादी बाहेर येते आणि तिच्या खाली, वाळूच्या रंगाचा, जेमतेम दिसणारा एक ढग सरकत असतो. त्या सकाळसाठी पिल्लांचं खाद्य म्हणून आर्टेमिया तयार हवा. आर्टेमियाची सुकी अंडी मिठाच्या पाण्यात, अठ्ठावीस अंशाला, जोरदार हवा आणि उजेड देऊन चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे केशरी जीव. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर येतात, जिवंत पिल्लं उजेडाकडे सरकतात, तिथून नळीने ओढून घ्यायची, गोड्या पाण्यात धुवायची. दोन बाटल्या एका दिवसाच्या फरकाने चालू ठेवल्या तरच रोज ताजं मिळतं. आमच्या घरात सकाळचा पहिला चहा आर्टेमियानंतर होतो, पाहुणे असले तरी. खाद्य पोहोचलं की नाही हे पाहायला भिंग लागत नाही. पिल्लांची पोटं केशरी होतात.

मादी त्यांच्याशी बोलते, असं मी म्हणते. शास्त्रज्ञ त्याला संकेत म्हणतील. ती पोटाजवळचे पंख आणि अंग झटकन हलवते, आणि सगळी पिल्लं त्याच क्षणी तळाला चिकटून निपचित पडतात. मी टाकीसमोरून साडीचा पदर हलवला तरी हे होतं. धोका टळला की ती वेगळ्या चालीने पुढे सरकते, पिल्लं उठून मागे लागतात. जे भटकतं त्याला तोंडात घेऊन आणते आणि कळपात थुंकते. कोन्राड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनतज्ज्ञाने त्याच्या 1949 च्या ‘किंग सॉलोमन्स रिंग’ या पुस्तकात ज्वेल फिश या आफ्रिकी सिक्लिडच्या एका बापाची हकीकत सांगितली आहे. त्या नराच्या तोंडात गांडुळाचा तुकडा होता आणि तेवढ्यात त्याला भटकलेलं पिल्लू दिसलं. त्याने तेही तोंडात घेतलं. एक गिळायचं, एक जपायचं. तो थबकला, मग दोन्ही बाहेर टाकली, आधी गांडूळ खाल्लं आणि मग पिल्लू उचलून घरी नेलं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या टाक्यांत अशाच एका क्षणाची वाट पाहत बसायचे. तसा तो मला दिसला नाही. पण पोटात भूक आणि तोंडात पिल्लू घेऊन घराकडे निघालेली मादी मी रोज संध्याकाळी पाहते.

आता उन्हाळा. रायपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो आणि वरच्या मजल्यावरची भिंत रात्री दहालाही गरम लागते. टाक्यांवर छोटे पंखे लावले की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. कोरड्या हवेत हे चालतं, पाऊस आला की पंख्याचा उपयोग संपतो. तरी मे-जूनमध्ये टाकीचं पाणी एकतीस-बत्तीसला राहतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते, म्हणून हवेच्या पंपाला बॅटरीची जोड द्यावी लागते. अवकाळी वादळात वीज जाते ती नेमकी याच दिवसांत.

पण उन्हाळ्याचा खरा परिणाम मासे मेल्याने दिसत नाही. तो तीन-चार महिन्यांनी दिसतो. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं मोठी होतात, रंग येऊ लागतात, आणि सगळ्यांच्याच शेपटीवर ज्वाळा. नरच नर.

याचं कारण 1996 साली उवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहेर्त्स या दोन जर्मन संशोधकांनी मांडलं. त्यांनी ॲपिस्टोग्रामाच्या अनेक जातींची पिल्लं तेवीस, सव्वीस आणि एकोणतीस अंशांच्या पाण्यात वाढवली. तीसहून अधिक जातींत तापमानाचा लिंगावर स्पष्ट परिणाम दिसला: गार पाण्यात माद्या जास्त, गरम पाण्यात नर जास्त. पिल्लू नर होणार की मादी, हे पहिल्या महिन्याभरातलं पाणी बऱ्याच अंशी ठरवतं. नंतर पाणी गार केलं तरी ठरलेलं बदलत नाही. माझ्या वहीत दर पिढीच्या पहिल्या महिन्याचं तापमान आणि पुढे किती नर, किती माद्या निघाल्या हे लिहिलेलं असतं. माझा काटा त्यांच्याइतका नेमका नाही, पण वहीचा कल त्याच बाजूला आहे.

दुकानदाराला नर हवे असतात. रंग नराला, पैसे रंगाला. एका दुकानदार भैयांनी मला सरळ सांगितलं होतं की दीदी, मादी मत भेजा करो, कोई देखता नहीं. पण रायपुरातल्या सगळ्या घरांतून उन्हाळ्याची पिल्लं मोठी झाली, तर दोन वर्षांनी शहरात जोडी लावायला मादी उरणार नाही, आणि पुन्हा हावड्याच्या पेटीची वाट पाहावी लागेल. म्हणून मी पैदाशीचं वेळापत्रक उलटं केलं. बहुतेक लोक आपल्याकडे उबदार महिन्यांत मासे वाढवतात, कारण पिल्लं भराभर वाढतात. मी ॲपिस्टोच्या जोड्या दिवाळीनंतर लावते. नोव्हेंबरमध्ये खोली आपोआप चोवीस-पंचवीसला येते. डिसेंबर-जानेवारीत रायपूरची रात्र बारा अंशांपर्यंत उतरते, तेव्हा हीटर लागतो, पण तो पंचवीसवर रोखण्यापुरता. वाढ सावकाश होते, आर्टेमिया जास्त लागतो, आणि फेब्रुवारीअखेर टाक्यांत पिवळ्या माद्या दिसू लागतात. मार्चपर्यंत जे जन्मतं ते जन्मतं. एप्रिल ते जुलै ॲपिस्टोच्या चुकिया मी काढून घेते. गुहा नसली की मादी अंडी घालायला फारशी उत्सुक नसते, आणि तिला विश्रांतीही मिळते.

क्रिबची गोष्ट वेगळी आहे आणि ती रायपूरच्या बाजूची आहे. त्याच्यात पीएचही लिंगावर परिणाम करतो. 1985 मध्ये रुबिन या संशोधकाने दाखवलं की आम्लधर्मी पाण्यात क्रिबची पिल्लं जास्त करून नर होतात, उदासीन पाण्यात माद्यांचं प्रमाण वाढतं. म्हणजे पावसाचं जपून ठेवलेलं पाणी क्रिबला द्यायचं कारणच नाही. बोअर आणि नळ यांचं साधं मिश्रण त्याला पुरतं, आणि त्याच पाण्यात पोटावर वाइनच्या रंगाचा डाग असलेल्या माद्या भरपूर येतात. क्रिबमध्ये आई-बाप दोघंही पिल्लं सांभाळतात. कुणी नव्याने विचारलं तर मी आधी क्रिबच घ्यायला सांगते. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या रंगीत माशांच्या युनिटला अनुदान ठरलं, तीन लाखांच्या खर्चावर चाळीस टक्के, महिलांना साठ. त्याबद्दल विचारायला बायका येतात. त्यांना मी टाक्यांच्या आधी टीडीएस पेन विकत घ्यायला लावते, आणि भुवनेश्वरजवळच्या सीफा या केंद्रीय संस्थेची प्रशिक्षणं पाहायला सांगते. आणखी एक गोष्ट बजावून सांगते: नको झालेला मासा शहरातल्या बुढा तलावात किंवा तेलीबांध्यात सोडायचा नाही. बाहेरच्या माशाने तलावातल्या खोकसी-कोतरीसारख्या देशी माशांची जागा घेतली की ती परत मिळत नाही.

सासूबाई मालवणच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या आणि खाडी कायमची मागे राहिली. वरच्या खोलीत त्या सहसा यायच्या नाहीत, गुडघे दुखायचे. एकदा आल्या तेव्हा क्रिबची जोडी पिल्लांचा घोळका घेऊन टाकीभर फिरत होती. स्टुलावर बसून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “गो, ही तर आमच्या काळुंदराची भावकी दिसता.” मी चकित झाले, कारण त्या बरोबर होत्या. काळुंदर हा सिक्लिडच. भारतातल्या मूळच्या सिक्लिडच्या जाती तीनच: काळुंदर, दक्षिण कन्नडच्या नद्यांतला त्याचा भाऊबंद, आणि दक्षिणेकडच्या खाड्या-तलावांतला छोटा ऑरेंज क्रोमाइड. त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक थेट मादागास्करमध्ये सापडतात. लहानपणी खाडीच्या कडेला, ओहोटीच्या संथ पाण्यात, काळुंदराची जोडी पिल्लांभोवती घिरट्या घालताना त्यांनी पाहिली होती. त्यांचे वडील अशा जोडीवर गळ टाकू द्यायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना सांगितलं की ऑरेंज क्रोमाइडची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. त्या म्हणाल्या, “मग दूधच ता.” त्यानंतर त्या अधूनमधून विचारायच्या, भावकी बरी आहे ना.

सध्या माझं लक्ष रॅमवर आहे. रायपूरच्या उन्हाला सोसणारा ड्वार्फ तोच. त्याला अठ्ठावीस ते तीस अंश हवेच असतात, म्हणून ॲपिस्टोच्या सुटीच्या महिन्यांत टाक्या त्याच्या. तो गुहेत नाही, उघड्या सपाट दगडावर अंडी घालतो, आणि नर-मादी दोघं मिळून राखतात. निदान राखायला हवीत. व्यापारी फार्मवर पिढ्यान्‌पिढ्या अंडी आई-बापांपासून काढून वेगळी उबवली जातात, कारण त्यात संख्या मिळते. पिल्लं सांभाळणारी जोडी कोणती आणि खाणारी कोणती, हे तिथे कुणी पाहत नाही. माझ्याकडे पेटीतून येणाऱ्या बऱ्याच जोड्या पहिल्याच रात्री अंडी फस्त करतात. मी प्रत्येक जोडीला काही वेळा संधी देते, रात्री मंद दिवा ठेवते, टाकीसमोर कुणी फिरकणार नाही असं पाहते. तरीही ज्या जोड्या अंडी राखत नाहीत त्या शोभेच्या म्हणून दुकानात जातात, आणि दुकानदाराला तसं स्पष्ट सांगते. ज्या जोड्या अंडी फुटेपर्यंत राखतात त्यांची पिल्लं मी ठेवून घेते. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एका जोडीने अंडी पूर्ण राखली, पिल्लं पोहायला लागल्यावर त्यांना आठवडाभर फिरवलं, आणि नराने टाकी पुसायला आत घातलेल्या माझ्या बोटाचा चावा घेतला. त्या जोडीची पिल्लं मी विकायला काढलेली नाहीत. या जूनमध्ये ती अंड्यावर येतील. सख्ख्या भावंडांच्या जोड्या लागू नयेत म्हणून दुसऱ्या, तितक्याच राखणाऱ्या घराण्यातल्या माद्या वेगळ्या टाकीत वाढवून ठेवल्या आहेत, आणि अगासिझीच्या वाट्याचे पावसाच्या पाण्याचे दोन ड्रम त्यांच्यासाठी राखून ठेवले आहेत.